प्लगइन तेच, सर्व्हर नवा

वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली की अनेकदा पडद्यावर एरर येते आणि त्या एररमध्ये नाव असतं एखाद्या प्लगइनचं, म्हणजे साइटला जादा सोय देणाऱ्या जोड-प्रोग्रामचं. साहजिकच पहिला राग त्याच्यावर निघतो. ते काढून दुसरं बसवलं जातं, आणि कधी कधी तेवढ्यानं साइट चालूही होते. पण त्या प्लगइनची फाइल काल होती तशीच आज आहे, एका बाइटचाही फरक नाही. बदललंय ते तिच्या भोवतालचं: पीएचपी या साइट चालवणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती, डेटाबेसची लिपी-व्यवस्था, फोल्डरांचे पत्ते, ईमेल पाठवण्याची सोय. एररची ओळ काम कुठे थांबलं ते सांगते. का थांबलं, ते बहुतेक वेळा दुसरीकडे शोधावं लागतं.

वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीचंच उदाहरण घेऊ. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली बी-टू नावाच्या जुन्या ब्लॉग-प्रणालीच्या कोडवरून वर्डप्रेस उभं केलं आणि २००४ मध्ये १.२ या आवृत्तीत प्लगइनची सोय आली. या रचनेत प्लगइन आणि मूळ प्रणाली यांच्यामध्ये भिंत नाही. दोघांचा कोड एकाच पीएचपी प्रक्रियेत चालतो, त्यामुळे कोपऱ्यातलं एखादं फुटकळ प्लगइन मेलं तरी अख्खं पान जातं. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी साइटच्या चालकाला ईमेल पाठवून कोणत्या प्लगइनमुळे घोटाळा झाला ते कळवतं आणि आत शिरायला एक खास दुवाही देतं. गंमत अशी की नव्या सर्व्हरवर ईमेलची व्यवस्थाच अनेकदा लागलेली नसते. म्हणजे ज्या पत्रात दुखण्याचं नाव लिहिलंय, तेच पोचत नाही.

आता डेटाबेसकडे वळू, कारण मराठी साइटच्या बाबतीत खरी गोम तिथे आहे. प्लगइन आपल्या सेटिंग्जची यादी डेटाबेसच्या एकाच रकान्यात एका ओळीत गुंडाळून ठेवतं. या पद्धतीला सीरियलायझेशन म्हणतात. या ओळीत प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते, आणि वाचताना पीएचपी ती लांबी काटेकोरपणे पाळतं. एसटीच्या पार्सलवर 'नग १२' लिहिलंय आणि उतरवताना तेरा निघाले, तर कंडक्टर वाद घालेल, मोजून पाहील. पीएचपी तेवढं करत नाही, सगळं पार्सलच नाकारतं.

सर्व्हर बदलताना साइटचा पत्ता 'एचटीटीपी'चा 'एचटीटीपीएस' होतो, हे अगदी नेहमीचं. डेटाबेसची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून 'सगळीकडे बदला' केलं की प्रत्येक पत्ता एका अक्षरानं वाढतो, पण शेजारी लिहिलेली लांबी जुनीच राहते. मग ती ओळ उलगडत नाही. वर्डप्रेस ती उलगडताना पीएचपीची कुरकुर मुद्दाम दाबून टाकतं, त्यामुळे पडद्यावर काहीच येत नाही. प्लगइनला सेटिंग्ज रिकाम्या दिसतात, ते स्वतःला नुकतंच बसवलेलं समजतं, आणि काही प्लगइन तर तत्परतेनं कोऱ्या सेटिंग्ज जुन्यांवर लिहूनही टाकतात. म्हणून हलवाहलवीनंतर एखादं सेटिंग्जचं पान रिकामं दिसलं, तर तिथलं 'सेव्ह'चं बटण दाबू नये. पत्ते बदलायला डब्ल्यूपी-सीएलआय या साधनातली शोधा-बदला आज्ञा वापरावी. ती ओळ उलगडते, पत्ता बदलते आणि लांबी नव्यानं मोजून पुन्हा गुंडाळते.

ही लांबी अक्षरांची नसते, बाइटची, म्हणजे संगणकाच्या साठवणुकीच्या एककांची असते. 'पुणे' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबात प, उकार, ण आणि एकाराची मात्रा असे त्यात चार घटक आहेत. हे घटक बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणून डेटाबेसमध्ये पुण्याची लांबी १२ लिहिली जाते. आता समजा, डेटाबेस उतरवताना किंवा चढवताना कुणी लिपीचं सेटिंग लॅटिन-१ वर, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांपुरत्या जुन्या पद्धतीवर ठेवलं. इंग्रजी साइटला याची झळ सहसा कळतही नाही, कारण साधी रोमन अक्षरं दोन्ही पद्धतींत एका बाइटचीच असतात. मराठी साइटचं मात्र दोनपैकी एक होतं. एक तर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिला जातो. मजकुराच्या जागी टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं दिसू लागतात आणि लांबी फुगते. किंवा लॅटिन-१ मध्ये न मावणारा प्रत्येक घटक टाकून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं जातं, आणि बारा बाइटचं पुणे चार प्रश्नचिन्हांचं होतं. पहिला प्रकार दिसायला भयंकर, पण मूळ माहिती आत शाबूत असते, उलट रूपांतर करून ती बहुधा परत मिळते. दुसरा नीटनेटका दिसतो आणि तिथे माहिती कायमची गेलेली असते. मूळ डेटाबेसची प्रत नसेल तर इलाज नाही. दोन्हीत लेखांचा मजकूर आणि प्लगइनच्या सेटिंग्ज एकदमच बिघडतात. ही दोन वेगळी दुखणी समजून वेगवेगळे उपचार करत बसणारे लोक असतात. इंग्रजीतले बहुतेक सल्ले या बाबतीत फारसे उपयोगी पडत नाहीत, त्याचं कारणही हेच.

पीएचपीच्या आवृत्तीचा भाग त्या मानानं सरळ आहे. नव्या सर्व्हरवर सहसा नवी पीएचपी असते. नोव्हेंबर २०१७ मधल्या ७.२ आवृत्तीनं काही जुन्या सोयी बाद ठरवल्या आणि वापरल्या तर नुसता इशारा दिला. नोव्हेंबर २०२० मधल्या ८.० मध्ये त्या काढूनच टाकल्या. 'यादीत किती गोष्टी आहेत?' असं विचारल्यावर यादीच नसेल, तर ७.२ कुरकुर करून शून्य सांगायची. ८.० तिथेच थांबते. म्हणजे जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, एररच्या नोंदवहीत, हे इशारे वर्षानुवर्षं साठत होते, फक्त तो लॉग कुणी उघडला नव्हता. याहून फसवा बदल असा की पीएचपी ७ च्या मते शून्य हा आकडा आणि 'पुणे' हा शब्द सैल, म्हणजे प्रकार न पाहता केलेल्या तुलनेत सारखेच होते, कारण आकडा नसलेल्या शब्दाची किंमत ती शून्य धरायची. ८ च्या मते ते सारखे नाहीत. यात एरर येत नाही, इशारा येत नाही. फॉर्ममधली एखादी अट फक्त उलट लागते.

पीएचपीच्या जोड-विस्तारांचंही असंच आहे. देवनागरीसारख्या बहुबाइट लिपीसाठी लागणारा एमबी-स्ट्रिंग हा विस्तार नव्या सर्व्हरवर नसला, तर वर्डप्रेस त्यातली मोजकी कामं स्वतः निभावून नेतं. बाकीची कामं मागणारं प्लगइन 'असं काही फंक्शन नाही' म्हणून कोसळतं. विस्तार बसवला की प्रश्न मिटतो, प्लगइनला हातही लावावा लागत नाही.

आता प्लगइन काढूनही न जाणारी एरर. सगळ्यात जास्त वेळ हीच खाते. प्लगइनांचं फोल्डर दुसऱ्या नावानं ठेवलं, म्हणजे एकही प्लगइन चालू नाही, आणि साइट तरी बंदच. कारण काही प्लगइन आपल्या फोल्डरबाहेरही फाइल ठेवतात. कॅश, म्हणजे वारंवार लागणाऱ्या माहितीचा हाताशी ठेवलेला साठा सांभाळणारी 'ऑब्जेक्ट-कॅश' नावाची फाइल एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये बसते आणि प्लगइनांच्या आधी चालते. तिला जुन्या सर्व्हरवरचा रेडिस हा साठा ठेवणारा प्रोग्राम हवा असतो, आणि नव्यावर तो बसवलेलाच नसतो. सुरक्षेची काही प्लगइन याच्याही पुढे जातात. 'डॉट-यूजर-आयएनआय' या लपलेल्या फाइलमध्ये ती लिहून ठेवतात की काहीही सुरू करण्याआधी माझी अमुक फाइल उघड. त्या फाइलचा पूर्ण पत्ता अर्थातच जुन्या सर्व्हरवरचा असतो. ती ओळ दुरुस्त केली तरी एरर लगेच हटत नाही, कारण पीएचपी ही फाइल एकदा वाचली की डीफॉल्टनं ३०० सेकंद पुन्हा बघत नाही. त्या पाच मिनिटांत घाईघाईनं आणखी चार गोष्टी बदलल्या, तर कशानं बरं वाटलं ते कधीच कळत नाही. बदल करावा आणि चहा टाकावा.

नावात सुरुवातीला टिंब असलेल्या अशा फाइल कॉपी करताना सुटतात, त्याचा त्रास वेगळा. मुखपृष्ठ उघडतं आणि आतलं प्रत्येक पान 'सापडलं नाही' म्हणतं, तेव्हा आतल्या पानांचे पत्ते कसे उघडायचे ते सांगणारी 'डॉट-एचटीअ‍ॅक्सेस' मागे राहिलेली असते, किंवा नवा सर्व्हर एन्जिनएक्स या वेब-सर्व्हर प्रोग्रामवर चालणारा असतो, आणि तो ही फाइल वाचतच नाही. विंडोजवरून लिनक्सवर आलेल्यांना इंग्रजी मोठी-छोटी अक्षरं नडतात. विंडोजला नावातला तो फरक चालतो, लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइल असतात.

मग शोधायचं कसं? आधी लॉग. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीबग, म्हणजे दोष शोधण्याची सोय, आणि त्याचा लॉग चालू करावा, एरर पडद्यावर दाखवणं बंद ठेवावं, आणि लॉगमधली सर्वांत पहिली एरर वाचावी. पुढच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात. जुना सर्व्हर अजून चालू असेल तर दोन्हीकडच्या वर्डप्रेसमधल्या 'साइट हेल्थ' या पानावरची माहितीची यादी कॉपी करून शेजारी शेजारी ठेवावी. माझ्या मते यासारखा दुसरा उपाय नाही, कारण इथे प्रश्नच दोन सर्व्हरांमधल्या फरकाचा आहे.

लॉग मुका असेल तेव्हाच प्लगइन बंद करून पाहायची, आणि तीही एकेक नव्हे. निम्मी बंद करायची, एरर गेली का पाहायचं, मग दोषी निम्म्यातली पुन्हा निम्मी. ३२ प्लगइन असली तरी पाच फेऱ्यांत एक सापडतं. पण दोन प्लगइनांच्या भांडणात ही युक्ती चकवते, कारण दोघं वेगवेगळ्या निम्म्यांत पडले की दोन्ही निम्मे निर्दोष दिसतात. असं झालं तर तुकडे लहान करत जायचे आणि प्रत्येक वेळी एक तुकडा वगळून बाकी सगळं चालू ठेवायचं. जर्मन संगणकशास्त्रज्ञ आन्द्रेआस झेलर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या डेल्टा डीबगिंगचा गाभा हाच आहे.

याहून सोपं म्हणजे वेळच येऊ न देणं. पीएचपीची नवी आवृत्ती आधी जुन्याच सर्व्हरवर लावून बघावी, बहुतेक होस्टिंगच्या पॅनलमध्ये ती निवडता येते. तिथे आठवडाभर साइट नीट चालली की मग हलवावी. हलवण्याच्या रात्री प्लगइन अपडेट करू नयेत.

साइट उघडली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. वर्डप्रेसची वेळापत्रकाची कामं कुणीतरी पान उघडलं की होतात, आणि त्यासाठी साइट स्वतःच्याच पत्त्यावर एक हाक मारते. नव्या सर्व्हरला स्वतःचं नाव अजून जुन्या सर्व्हरचं वाटत असेल, किंवा फायरवॉल ती हाक अडवत असेल, तर वेळ लावून ठेवलेले लेख प्रसिद्ध होत नाहीत आणि बॅकअप घेणारं प्लगइनही गप्प बसतं. पडद्यावर सगळं आलबेल दिसत असतं. म्हणून आठवड्यानं बॅकअपचं फोल्डर उघडून शेवटच्या फाइलची तारीख बघावी, आणि ती हलवण्याच्या आधीची निघाली तर सर्व्हरच्या स्वतःच्या क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीला, ते काम लावून द्यावं.