कोवळं ऊन आणि मुडदूस

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसातला एक आजी नातवाला मांडीवर घेऊन गॅलरीत बसतात. बाळ नुकतंच न्हालेलं, अंगात झबलं, डोक्याला टोपडं, आणि गॅलरीला काचा लावलेल्या. "कोवळ्या उन्हात धरलं की हाडं घट्ट होतात गं," असं त्या मला म्हणाल्या. माझी आईही हेच म्हणायची. ऊन आणि हाडांचं नातं अगदी खरं आहे. चूक आहे ती 'कोवळं' या एका शब्दात. ती समजून घ्यायला हवी, कारण मुडदूस, म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ राहून वाकण्याचा आजार, अजून आपल्याकडून गेलेला नाही.

हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व कातडीत तयार होतं ते उन्हातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील-बी किरणांमुळे, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या. वातावरणातला ओझोन नेमके हेच किरण शोषतो. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असला, की किरणांना माथ्यावरच्या सूर्यापेक्षा जवळजवळ तिप्पट हवा ओलांडून यावं लागतं आणि हे किरण वाटेतच संपतात. उजेड येतो, ऊब येते, अतिनील-बी मात्र नावापुरते. जे उरतात ते गॅलरीची काच अडवते. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर ड जीवनसत्त्वाच्या हिशेबी त्या उन्हात फारसा दम नाही. पुण्यात डिसेंबरातही भर दुपारी सावली उंचीपेक्षा जराशी आखूडच पडते.

म्हणून तान्ह्या बाळाला दुपारच्या उन्हात ठेवायचं, असं मुळीच नाही. त्याची कातडी फार नाजूक असते. आईच्या दुधात बाकी सगळं असलं तरी ड जीवनसत्त्व फारच थोडं असतं. त्यामुळे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायला सांगते, थेंबांच्या रूपात. मोठ्यांसाठीची ६०,००० युनिटची पुडी घरात असते, ती मनाने बाळाला देऊ नका. जास्त झालेलं ड जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, आणि त्यामुळे रक्तात वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडं बिघडवतं.

आता मला ज्याचं सगळ्यात अप्रूप वाटतं, ते सांगते. हातापायाचं लांब हाड मधून ताणून लांब होत नाही. टोकाजवळ कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीची, एक पातळ चकती असते, वाढ तिथे होते. चकतीतल्या पेशी जुन्या घरातल्या उतरंडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. वरच्या लहान पेशी विभागत राहतात, खालच्या फुगून मोठ्या होतात आणि अगदी तळाच्या मरतात. त्यांच्या भोवती कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार साचतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्या जागी हाड घडतं. पेशी वेळेवर मरणं, हीच इथली किल्ली आहे. आणि मरण्याचा इशारा त्यांना फॉस्फेट देतं.

ड जीवनसत्त्व कमी पडलं की आतडं कॅल्शियम नीट शोषत नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागतं. हृदय आणि मज्जातंतूंना ते घसरलेलं परवडत नाही, म्हणून गळ्यातल्या परावटू ग्रंथी संप्रेरक सोडतात. ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं आणि त्याच वेळी मूत्रपिंडांना फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं. कॅल्शियम कसंबसं सावरतं, फॉस्फेट मात्र ओसरतं. मग तळाच्या पेशी मरतच नाहीत. उतरंड रचली जाते, उतरत नाही. मऊ कूर्चा साचून मनगटं रुंद होतात, बरगड्यांच्या टोकांशी मण्यांसारख्या गाठी लागतात, मूल उभं राहायला लागलं की पाय वाकतात. कॅल्शियमच्या टंचाईचा घाव असा फॉस्फेटच्या वाटेने बसतो!

आहारात कॅल्शियमच फार कमी असेल, तर ऊन मिळूनही मुडदूस होऊ शकतो. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व देण्याची आपली रीत म्हणूनच मोलाची आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

दोन वर्षांपर्यंत पाय थोडे धनुकलीसारखे असणं बहुतेक मुलांत नैसर्गिकच असतं. मालिशवाल्या बाईंनी ते ओढून सरळ करायची गरज नाही. मात्र मनगटं रुंद दिसत असतील, चालायला फार उशीर होत असेल, तर दृष्ट काढण्यात आणि गंडेदोऱ्यांत महिने घालवू नका. उंची वाढवण्याचं आमिष दाखवणाऱ्या महागड्या पावडरींवर पैसे घालवणंही तितकंच व्यर्थ.

१९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या क्वार्ट्झ दिव्याचे अतिनील किरण दिले. फक्त एका हातावर किरण दिले, तर एक्स-रेमध्ये दुसरा हातही भरून आलेला दिसला. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे पोहोचत होतं.

आजही उपचार सुरू झाल्यावर मनगटाचा एक्स-रे काढतात. आधी हाडाचं टोक विसकटलेलं, झिरमिळ्या सुटलेल्या कापडासारखं दिसतं. तीन-चार आठवड्यांत त्या टोकाशी एक बारीक पांढरी रेघ उमटते. तळाच्या पेशी पुन्हा मरू लागलेल्या असतात, आणि क्षार साचू लागलेले.