मुखपृष्ठावरचा रिकामा डबा

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकावर 'अल्टेअर ८८००' या संगणकाचं छायाचित्र झळकलं. तो डबा आतून रिकामा होता! खरं यंत्र संपादकांकडे पाठवताना वाटेत गहाळ झालं, म्हणून फोटोपुरतं खोकं सजवलं. आतल्या पानांवरची मांडणी मात्र अस्सल होती.

मासिक निघालं ऑक्टोबर १९५४ मध्ये. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, मोजमापाची उपकरणं घरी कशी जोडायची, हा त्याचा जीव. अल्टेअरही मुख्यतः सुट्या भागांचं किट म्हणून मिळायचा. डाग देऊन भाग जोडायचे वाचकानं. इंटेलची ८०८० चिप, २५६ बाइट मेमरी. कीबोर्ड नाही, पडदा नाही. आठ स्विच वर-खाली करून एक बाइट भरायचा, मग पुढचा. उत्तर लाल दिव्यांत वाचायचं. तरी हजारो मागण्या आल्या. याच यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी 'बेसिक' ही प्रोग्रामिंगची भाषा लिहिली आणि त्यातूनच मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. पुढे तयार संगणक दुकानात आले. मासिकानं १९८२ मध्ये नाव बदललं आणि १९८५ मध्ये ते बंद पडलं.

आपल्याकडे १९६९ पासून दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' निघतं. नाशिकच्या हौशी पोरांनी अशाच अंकांतून पीसीबी, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेषांनी भाग जोडणारी पाटी, बनवायला शिकून घेतलं. छापलेला सर्किटचा नकाशा कार्बन पेपरनं तांब्याचा थर असलेल्या पाटीवर उतरवायचा, रेषा ऑइल पेंटनं रंगवायच्या आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हलवत राहायची. उघडं तांबं विरघळतं, रंगाखालचं राहतं. मग भोकं पाडायची आणि सुट्या भागांची यादी घेऊन दुकानांसाठी एमजी रोड गाठायचा.

पहिलं सर्किट बहुधा ५५५ टायमरचं, म्हणजे वेळ मोजणाऱ्या छोट्या चिपचं. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा भाग; त्याचा विद्युतदाब पुरवठ्याच्या दोन तृतीयांशावर पोचला की ५५५ त्याला रिकामा करू लागते, एक तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरू देते. १ आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो.

शाळेत आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा तयार बोर्ड जरूर यावा, पण आधी मुलांच्या हाती ५५५ द्या. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून १०० चा लावायला सांगा. दिवा दहापट सावकाश होतो, आणि 'असं का?' हे मूल आपणहून विचारतं.