बूड कधी टेकायचं?

नितंबांना उठाव देणारी शस्त्रक्रिया झाली की रुग्णाला दोन सूचना एकाच दमात मिळतात. आजच उठून चालायला लागा, आणि निदान दोन आठवडे बसू नका. ऐकणारा गोंधळतो, कारण एरवी शस्त्रक्रियेनंतर बसता येतं आणि चालणं जमत नाही.

सध्या सर्वाधिक चर्चेत असलेल्या प्रकारात, म्हणजे ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’मध्ये, पोट, कंबर किंवा मांड्यांवरची चरबी लायपोसक्शनने, म्हणजे बारीक नळीने शोषून, काढतात, शुद्ध करतात आणि नितंबांत भरतात. जागा बदलताना त्या चरबीचा रक्तपुरवठा पूर्ण तुटलेला असतो. नव्या ठिकाणी पहिले काही दिवस ती आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर कशीबशी तग धरते. ही झिरप एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे फारशी जात नाही, म्हणून सर्जन चरबीचा गोळा एका जागी न ओतता ती बारीक बारीक रेघांनी पसरत जातो. साधारण पहिल्या आठवड्यात नव्या केशवाहिन्या तिच्यात शिरू लागतात, पण त्यांचं जाळं पक्कं व्हायला कित्येक आठवडे जातात.

केशवाहिनीतल्या रक्ताचा दाब पाऱ्याच्या साधारण 32 मिलिमीटरइतका असतो. कठीण आसनावर बसलं की बसायच्या हाडांखाली त्याच्या कितीतरी पट दाब पडतो. निरोगी ऊती हे सहज सोसतात, शिवाय आपण नकळत सारखी चुळबुळ करत असतो. आधीच उपाशी असलेल्या पेशींना मात्र तेवढी सवलत नसते.

इतकं असूनही, बसण्याच्या मनाईचा नेमका काळ कोणत्याही मोठ्या चाचणीतून आलेला नाही. कुणी दोन आठवडे सांगतं, कुणी आठ. चरबी बहुधा नितंबांच्या वरच्या आणि बाजूच्या भागात भरतात आणि बसल्यावर भार खालच्या हाडांवर येतो, असा मुद्दा मांडून काही सर्जन लवकर सूट देतात. मला तो मुद्दा पटतो, पण चुकला तर गेलेली चरबी परत येत नाही. तेव्हा ज्याने चरबी भरली त्या सर्जनचंच ऐकावं.

अगदी बसावंच लागलं तर उशी मांड्यांखाली घेतात, म्हणजे नितंब अधांतरी राहतात. मधे भोक असलेली गोल उशी इथे उपयोगाची नाही, कारण तिची कड नितंबांवरच दाबते. शौचाला बसायला अर्थातच हरकत नसते. झोपायचं पालथं किंवा सर्जनने परवानगी दिली तर कुशीवर. बैठं काम असणारे बरेच जण दोन आठवड्यांच्या सुमारास कामावर परततात, पण मांड्यांखालची उशी आणि मधूनमधून उठणं चालूच राहतं. गाडी चालवणं म्हणजे बसणंच. त्यात वेदनाशामक औषधांची गुंगी असेल तर मुळीच नको.

चालण्याची घाई रक्ताच्या गुठळीपायी. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, आणि पडून राहिल्यावर तेच थांबतं. लांबचा विमानप्रवास काही आठवडे पुढे ढकलायला सांगतात तोही याचसाठी.

याहून भीतिदायक म्हणजे चरबीच फुप्फुसात जाणं. 2017 साली अमेरिकेतल्या एका कृतिगटाने या शस्त्रक्रियेतला मृत्युदर तीन हजारांत एक इतका असू शकतो, असं सांगितलं तेव्हा प्लास्टिक सर्जरीचं जग हादरलं. सुई स्नायूत शिरली तर तिथल्या मोठ्या शिरांना इजा होते आणि चरबी थेट हृदयाकडे आणि तिथून फुप्फुसात जाते. म्हणून आता ती फक्त त्वचेखालच्या थरात भरावी, सुईचं टोक अल्ट्रासाउंडवर पाहत राहावं, असा आग्रह आहे. फ्लोरिडाने 2019 मध्ये स्नायूत चरबी भरायला बंदीच घातली. शस्त्रक्रियेनंतर दम लागला, छातीत दुखलं, भान हरपू लागलं किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर सर्जनच्या फोनची वाट न पाहता तातडीच्या विभागात जायचं.

दुखतं मात्र बहुधा जिथून चरबी काढली तिथे. त्या भागांवर दाब देणारे घट्ट कपडे काही आठवडे घालावे लागतात, आणि तिथला बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. धावणं, वजनं उचलणं, उठाबशा हे साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर. चरबीऐवजी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं असेल तर हिशेब वेगळा. तिथे काळजी असते ती नितंबांमधल्या खाचेतल्या टाक्यांची. वाकताना, बसताना ते ताणले जातात आणि जखम उघडू शकते.

पहिल्या महिन्यातला आकार पाहून हरखूनही जाऊ नये. त्यात सूज बरीच असते आणि भरलेल्या चरबीतला काही भाग शरीर शोषून घेतं. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसू लागतो. जी चरबी तगते ती इतर चरबीसारखीच वागते. वजन वाढलं की फुगते, उतरलं की आक्रसते. म्हणून वजन घटवायचा बेत असेल तर तो शस्त्रक्रियेच्या आधीच पार पाडलेला बरा.