घरगुती मत्स्यालयासाठी जनित्र व पर्यायी वीज

वीज गेल्यावर घरातल्या मत्स्यालयाचा हवापंप आणि फिल्टर चालू राहावेत म्हणून केलेली विजेची वेगळी सोय. पेट्रोलवर चालणारे छोटे जनित्र म्हणजे बोलीतला जनरेटर, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, संगणकाचा यूपीएस, सेलवर चालणारा हवापंप ही तिची नेहमीची साधने. यांत जनित्र सर्वांत ताकदवान असले, तरी गोड्या पाण्याच्या साध्या टाकीसाठी त्याचा विचार शेवटी करावा. माशांना जगायला लागणारी वीज अगदी थोडी असते. मात्र ती मध्यरात्रीही, घरात कोणी नसतानाही मिळावी लागते. दोरी ओढायला माणूस लागणारे जनित्र नेमके तिथे कमी पडते.

वीज गेल्यावर टाकीत काय होते

लाइट गेली की पहिला फटका प्राणवायूला बसतो. पाण्यात प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागावरून विरघळतो आणि पृष्ठभाग हलता राहिला तरच तो खालपर्यंत पोचतो. वर येणाऱ्या बुडबुड्यांचे मोठे कामही पाणी ढवळण्याचेच असते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात साठा मुळातच कमी, आणि उष्णतेने माशांची गरज वाढलेली. हे प्रमाण ४–५ मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक शोभेच्या माशांना त्रास होऊ लागतो. ते वर येऊन पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करतात.

हाती किती वेळ आहे हे टाकीवर ठरते. मोठ्या टाकीत मोजके मासे असतील तर रात्र निभावते. छोट्या टाकीत गर्दी केलेल्या गोल्डफिशना एक-दोन तासही जड जातात. फायटर आणि गुरामी हवेतला प्राणवायू थेट घेऊ शकतात, म्हणून ते तगतात. पाणवनस्पती भरपूर असलेली टाकी सुरक्षित वाटते, पण अंधारात वनस्पतीही प्राणवायू वापरतात.

दुसरा फटका फिल्टरमधल्या जिवाणूंना बसतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे हे जिवाणू वाहत्या, प्राणवायुयुक्त पाण्यावर जगतात. टाकीबाहेरच्या बंद डब्यातला, म्हणजे कॅनिस्टर फिल्टर थांबला की आतल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो आणि डबा कुजू लागतो.

किती वेळाची तयारी

महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकातल्या भारनियमनाने इन्व्हर्टर घरोघरी आणला. भारनियमनाचे वेळापत्रक असे, तयारी करता येई. आता अडचण येते ती अचानक जाणाऱ्या विजेची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरातील वीज गेली, तेव्हा प्रश्न तासांचा होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत तो कित्येक दिवसांचा झाला. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग आणि गोव्यातही खांब पाडले. तासांसाठी बॅटरी पुरते, दिवसांसाठी इंधन लागते. निवडीचा पहिला प्रश्न हाच.

वॅटचा हिशेब

शंभर लिटरच्या नेहमीच्या टाकीत हवापंप ३–५ वॅट, फिल्टर साधारण १५ वॅट, एलईडी दिवा सुमारे २० वॅट आणि हीटर १०० वॅट घेतो. बेरीज १४० वॅट दिसते आणि तिथेच लोक गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतात. दिवा बंद राहिल्याने मासा मरत नाही. शंभर लिटर पाणी एकदम थंडही होत नाही. टाकीभोवती जाड चादर गुंडाळली तर नाशिकची डिसेंबरातली रात्रही निभावते, फक्त वरून हवा यायला जागा ठेवावी. उरतात ते २० वॅट, आणि अगदी निकड आली तर एकट्या हवापंपाचे ५ वॅट. विदर्भातल्या मे महिन्यात हीटरचा प्रश्नच नसतो. तिथे पाणी तापते, आणि प्रत्येक वॅट पाणी हलवण्यासाठी राखावा.

घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, म्हणून १,००० वॅट-तास धरावेत. त्यावर २० वॅट दोन दिवस चालायला हवेत, पण त्याच बॅटरीवर पंखे आणि टीव्ही असतात आणि सहा तासांत ती बसते. टाकीसाठी वेगळी छोटी बॅटरी, किंवा घरातल्यांशी पंख्यांबाबत आधीच झालेले बोलणे, नव्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते. यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची, म्हणजे ८४ वॅट-तासांची बॅटरी असते. तिच्यावर हवापंप काही तास चालतो. काही यूपीएस इतका कमी भार ओळखत नाहीत आणि आपोआप बंद पडतात, तेव्हा एकदा प्लग काढून पाहावे.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा असावा. स्क्वेअर वेव्हवर, म्हणजे चौकोनी लहरीच्या विजेवर फिल्टरचे पंप घरघरतात, तापतात, काही सुरूच होत नाहीत. वीज गेल्याबरोबर आपोआप सुरू होणारा सेलचा हवापंप हे माझ्या मते सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत जास्त मासे वाचवणारे साधन आहे. तो प्रत्येक टाकीशेजारी असावा, मग बाकी काहीही असो.

जनित्र कोणी घ्यावे

समुद्री प्रवाळांची टाकी, अनेक टाक्यांची प्रजननाची खोली, किंवा चार-चार दिवस वीज न येणारे गाव, इथे जनित्र खरोखर लागते. प्रवाळांच्या टाकीत पाणी वर ढकलणारा पंप ४० वॅट, लाटा करणारे पंप २०, पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारा प्रोटीन स्किमर २० आणि पाणी थंड ठेवणारा चिलर २५० वॅट धरला, तर चालू भार ३३० वॅट होतो. पण चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तिप्पट किंवा त्याहून अधिक वीज ओढतो. तो क्षण धरून ८०० ते १,००० वॅट लागतात. जनित्राची क्षमता केव्हीएमध्ये सांगतात आणि १ केव्हीएचे साधारण ८०० वॅट होतात. म्हणून इथे १ नव्हे, १.५ ते २ केव्हीएचे यंत्र योग्य.

जुन्या धाटणीच्या जनित्रात भार बदलला की इंजिनाचा वेग बदलतो आणि ५० हर्ट्‌झची वारंवारताही हलते. चुंबकी रोटरचे पंप त्या वारंवारतेवरच फिरतात. इन्व्हर्टर प्रकारचे जनित्र महाग पडते, पण त्याची वीज स्थिर असते, आवाज कमी असतो आणि कमी भारावर ते पेट्रोलही कमी पिते.

फक्त २० वॅटसाठी जनित्र अखंड चालवणे ही पेट्रोलची नासाडी आहे. ते दिवसातून दोन तास लावून इन्व्हर्टरची बॅटरी भरावी. १२–१३ अँपिअरने दोन तासांत सुमारे २५ अँपिअर-तास, म्हणजे ३०० वॅट-तास भरतात. घट वजा जाता २०० उरले तरी २० वॅटचा पंप दहा तास चालतो. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास, एवढ्यात वादळानंतरचा आठवडा निघतो.

धोके

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही. जनित्र घरात, गच्चीच्या बंद जिन्यात किंवा गॅलरीत कधीही लावू नये. खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर दूर, उघड्यावर आणि पावसापासून आडोशाला ठेवावे. फ्लॅटमध्ये एवढी जागा नसते, म्हणून फ्लॅटमध्ये जनित्र बसतच नाही. सोसायटीचे डिझेल जनित्र बहुतेक ठिकाणी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांपुरतेच असते. त्याच्या भरवशावर टाकी ठेवू नये.

जनित्राची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून सगळ्या घराला वीज देण्याची सवय त्याहून भयंकर आहे. ती वीज उलटी बाहेरच्या तारेवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. एक तर घर एका वेळी बाहेरच्या तारेला किंवा जनित्राला, एकालाच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवावा, नाहीतर टाकीची उपकरणे एक्स्टेन्शनने थेट जनित्राला जोडावीत. पेट्रोल जनित्राच्या टाकीत महिनोन्‌महिने पडू देऊ नये. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते आणि कार्ब्युरेटर चोंदतो. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे भारासह यंत्र चालवून पाहावे.

हवापंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर वीज जाताच नळीतून पाणी उलटे उतरते आणि पंप किंवा फरशी भिजते. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की ते थांबते. खाली सम्प, म्हणजे पाणी गाळण्याची दुसरी टाकी असलेल्या मत्स्यालयात उलट्या येणाऱ्या पाण्याला सम्पमध्ये रिकामी जागा ठेवावी लागते. वीज असतानाच मुख्य पंप एकदा बंद करून हे तपासता येते.

काहीच हाताशी नसेल तेव्हा

तांब्याने टाकीतलेच पाणी फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे, दर अर्ध्या तासाला पाचेक मिनिटे. खाणे बंद ठेवावे. धडधाकट मोठे मासे दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतात, आणि न खाल्लेला दाणा कुजून प्राणवायू संपवतो. झाकण उघडावे, पण उड्या मारणाऱ्या माशांच्या टाकीवर जाळी घालावी.

वीज परतल्यावर हीटर पाण्यात पूर्ण बुडलेला आहे ना हे पाहूनच लावावा. काही तास बंद राहिलेला कॅनिस्टर तसाच सुरू केला तर आतले कुजलेले पाणी थेट टाकीत येते. म्हणून त्यातले पाणी आधी बादलीत ओतून द्यावे, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्यावा आणि मग फिल्टर लावावा. पुढचे काही दिवस खाणे निम्म्यावर ठेवून अमोनिया तपासत राहावे, कारण मेलेल्या जिवाणूंची जागा नवे जिवाणू एका दिवसात घेत नाहीत.