व्हिडिओ फाइलचे रूपांतर

एका उपकरणावर न चालणारी डिजिटल व्हिडिओ फाइल तिथे चालेल अशा रूपात आणण्याची प्रक्रिया. तिचे दोन प्रकार आहेत. एकात फक्त डबा बदलतो. दुसऱ्यात आतला ऐवज उलगडून पुन्हा नव्याने भरला जातो. पहिल्याने भागत असताना दुसरा केला की तासन्‌तास जातात आणि चित्रही थोडे खराब होते.

कंटेनर आणि कोडेक : फाइलच्या नावापुढचे एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे कंटेनरचे, म्हणजे डब्याचे प्रकार. डब्यात चित्राचा एक प्रवाह, आवाजाचे एक-दोन आणि कधी सबटायटल्स असतात. चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले, हे कोडेकवर ठरते : एच.२६४ (२००३), एचईव्हीसी ऊर्फ एच.२६५ (२०१३), एव्ही१ (२०१८). आवाजाला एएसी, एमपी३, एसी३, डीटीएस. म्हणून ‘एमपी४ चालते’ हे टीव्हीच्या खोक्यावरचे वाक्य अर्धेच खरे असते. एच.२६४ ची एमपी४ चालवणारा जुना टीव्ही एचईव्हीसीची एमपी४ नाकारू शकतो.

निदान : चित्र दिसते पण आवाज नाही, तर बहुधा आवाज डीटीएसमध्ये आहे. आवाज येतो आणि पडदा काळा, तर चित्राचा कोडेक टीव्हीला परका आहे. चित्र अडखळत असेल तर उपकरणाच्या चिपला तो प्रकार झेपत नाही. १० बिटांचे एच.२६४ (रंगाच्या छटेला नेहमीच्या ८ ऐवजी १० बिट) हे नेहमीचे उदाहरण. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की हे सगळे दिसते. ‘कॉम्प्युटरवर तर चालते’ हा पुरावा नव्हे. व्हीएलसी हा प्लेअर स्वतःचे डीकोडर (कोडेक उलगडणारे भाग) बरोबर घेऊन येतो, त्यामुळे त्यात जवळजवळ काहीही चालते.

कधी दोष फाइलचा नसतोच. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. ड्राइव्ह ३२ जीबीचा असो आणि पूर्ण रिकामा असो, ‘फाइल फार मोठी आहे’ असाच संदेश येतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यास (आतला डेटा जातो) ही अडचण सुटते. मात्र काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचतच नाहीत, तिथे फाइलच लहान करावी लागते.

डबा बदलणे : एफएफएमपेग या आदेश टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये चित्र आणि आवाज दोन्हींसाठी ‘कॉपी’ पर्याय दिला की एमकेव्हीची एमपी४ होते. वेळ फाइल कॉपी करण्याइतकाच, आणि दर्जात तसूभरही फरक नाही. फक्त आवाज नडत असेल तर चित्र कॉपी करून आवाज तेवढा एएसीत बदलावा; स्टिरिओला १९२ केबीपीएस पुरतात. ब्ल्यू-रेवरून आलेली चित्ररूप सबटायटल्स एमपी४ मध्ये बसत नाहीत, ती वगळली नाहीत तर त्रुटीचा संदेश येऊन काम थांबते. हँडब्रेक हे रूपांतराचे दुसरे साधन वापरायला सोपे आहे, पण ते चित्र दर वेळी नव्यानेच एन्कोड करते, म्हणजे उलगडून पुन्हा दाबते. या कामाला ते चालत नाही.

नव्याने एन्कोड करणे : टीव्ही, फोन, जुना लॅपटॉप या सगळ्यांवर चालण्याची सर्वांत जास्त शक्यता या मिश्रणाची : एमपी४, एच.२६४ हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१ (उपकरणावर पडणाऱ्या भाराची मर्यादा), ८ बिट, १९२० × १०८०, सेकंदाला ३० पर्यंत फ्रेम (स्थिर चित्रे) आणि एएसी स्टिरिओ. लेव्हल ४.१ मध्ये या आकाराच्या ६० फ्रेम मावत नाहीत, म्हणूनच ६० फ्रेमवर काढलेला फोनचा व्हिडिओ काही टीव्हींवर अडतो. दर्जा सीआरएफ या आकड्याने ठरवतात : १८ ते २३ योग्य, आकडा ६ ने वाढला की फाइल साधारण निम्मी. ठरावीक जागेत बसवायचे असेल तर गणित बिटरेटचे, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्च होतात त्याचे. ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट) म्हणजे मिनिटाला ६० एमबी, तासाला ३.६ जीबी, दोन तासांचा कार्यक्रम ४ जीबीत बसवायला आवाजासकट ४ एमबीपीएस धरावेत.

लग्नाच्या सीडी-डीव्हीडी : घरोघरच्या कपाटातल्या या तबकड्या आधी हार्डडिस्कवर कॉपी कराव्यात, रूपांतर मागाहून. व्हीसीडीतले चित्र एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डीएटी फाइलमध्ये, एमपेग-१ कोडेकात आणि केवळ ३५२ × २८८ आकाराचे असते. ते १०८० ला ताणून फाइल फुगते, चेहरे स्पष्ट होत नाहीत. डीव्हीडीवर एमपेग-२, ७२० × ५७६, आणि प्रत्येकी सुमारे १ जीबीच्या व्हीओबी फाइल. त्या सुट्या न उघडता हँडब्रेकला पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर द्यावा, नाहीतर मंगलाष्टके मध्येच तुटतात.

भारतात टीव्ही प्रक्षेपणाची ‘पाल’ (PAL) पद्धत होती. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम टिपे, पण प्रत्येक फ्रेम दोन भागांत : आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. आजच्या पडद्यावर वरातीत नाचणाऱ्याचा हात हलला की त्याची कड कंगव्याच्या दातांसारखी दिसते ती यामुळे. उपाय हे दोन भाग सांधणाऱ्या डीइंटरलेस फिल्टरचा : एफएफएमपेगमध्ये याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ. सेकंदाला ५० फ्रेम ठेवल्यास हालचाल मूळ टीव्हीवर होती तितकीच सलग राहते. चित्राचे प्रमाण ४:३ आहे हेही फाइलला सांगावे लागते, नाहीतर ७२० × ५७६ जसेच्या तसे दिसून सगळी वऱ्हाडी मंडळी किंचित बारीक होतात. एरवी कुणाची तक्रार नसती.

फोनचे व्हिडिओ : आयओएस ११ (२०१७) पासून नवे आयफोन एचईव्हीसीत चित्रण करतात, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास एच.२६४ मिळते. बऱ्याच फोनचा फ्रेमदर स्थिर नसतो, त्यामुळे काही एडिटिंग प्रोग्रॅममध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. आधी स्थिर ३० फ्रेमवर रूपांतर करून मग एडिटिंगला घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली मूळ राहते. चित्रण चालू असताना बॅटरी संपली तर एमपी४ उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. त्याच फोनवरची दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंकसारखी साधने ती अनेकदा परत उभी करतात.

मराठी सबटायटल्स : एसआरटी फाइल (सबटायटल्सचा मजकूर) यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच सेव्ह केलेली हवी. तरी टीव्हीवर चौकोन आले, तर त्यात देवनागरी फॉन्ट नाही. अक्षरे दिसतात पण ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या मागे जाते आणि जोडाक्षरे हलन्त होऊन फुटतात, तर फॉन्ट आहे, मांडणीचे इंजिन नाही. मग सबटायटल्स चित्रातच कोरावी लागतात. चित्र पूर्ण एन्कोड होते आणि अक्षरे पुन्हा काढता येत नाहीत, म्हणून मूळ फाइल आणि एसआरटी जपून ठेवावी. कोरण्यापूर्वी ‘र्‍या’, ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ असलेले एखादे मिनिट निवडून चाचणी घ्यावी.