दगडी, ताप आणि गप्प बसणारा जिवाणू

पशुखाद्याच्या दुकानात ‘जनावरांची रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ असं छापलेली पाकिटं हमखास दिसतात. त्यामागचा समज सरळ आहे: प्रतिकारशक्ती जितकी जास्त, तितकी गाय ठणठणीत. हा समज किती अपुरा आहे हे गाईच्या कासेत फार स्पष्ट दिसतं. तिथे एका जिवाणूशी लढताना गाय स्वतःच्याच प्रतिकारामुळे मरणाच्या दारात जाते. दुसऱ्या जिवाणूच्या बाबतीत प्रतिकार धड सुरूच होत नाही आणि आजार वर्षभर मुरत राहतो.

रोग एकच, कासदाह. गोठ्यात त्याला दगडी म्हणतात, कारण सुजलेली कास हाताला दगडासारखी लागते. दुधात गाठी येतात, कधी दूध पाण्यासारखं पातळ होतं, कधी त्यात रक्त उतरतं. गाईच्या कासेचे चार भाग आतून एकमेकांपासून वेगळे असतात. त्यामुळे एका सडातून खराब दूध येत असताना शेजारच्या सडाचं दूध अगदी स्वच्छ असू शकतं. जिवाणू आत शिरतात ते बहुतेक वेळा सडाच्या छिद्रातून. कासदाह करणारे जिवाणू अनेक आहेत, पण त्यातल्या दोघांची तुलना सगळ्यात जास्त शिकवते.

पहिला ई. कोलाय. हा शेणात असतो, ओल्या गोठ्यात असतो. संध्याकाळी चांगली असलेली गाय सकाळी उठत नाही, ताप 105 अंश फॅरनहाइटच्या वर, चारा बंद, कास गरम आणि घट्ट. पण यातून जी गाय तरते, तिच्या कासेतून हा जिवाणू बहुधा काही दिवसांतच हद्दपार होतो. सौम्य प्रकारात तर अनेकदा प्रतिजैविकाशिवायही. दुसरा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा रोगट कासेत आणि सडाच्या कातडीवर राहतो आणि धार काढणाऱ्याच्या हातांवरून एका गाईकडून दुसरीकडे जातो. यात बहुतेकदा ना ताप, ना सूज. गाय नीट खाते, दूध दिसायलाही बरं असतं, फक्त थोडं थोडं घटत जातं. गाजावाजा करणारा लवकर जातो आणि गुपचूप आलेला मुक्काम ठोकतो, याचं उत्तर पेशींमधल्या संदेशवहनात आहे.

ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलीसॅकराइड नावाचा स्निग्ध आणि शर्करायुक्त रेणू असतो. गाईच्या स्वतःच्या पेशी हा रेणू कधीच बनवत नाहीत, म्हणून तो दिसला की परका आला हे नक्की. तो ओळखणारा पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर) म्हणजे टीएलआर-4. उंदरांची एक जात लायपोपॉलीसॅकराइड टोचलं तरी हूं की चूं करत नसे. त्या उंदरांत नेमका कोणता जनुक बिघडला आहे ते 1998 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने शोधलं, तो टीएलआर-4 चाच निघाला. 2011 च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता. हा ग्राही फक्त पांढऱ्या पेशींवर असतो असं नाही. कासेत दूध तयार करणाऱ्या पेशीही त्याच्या मदतीने जिवाणू ओळखतात. म्हणजे जी पेशी दूध बनवते, तीच पहारेकरीही आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन कायम तयार असतं. 1986 मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते प्रथम दाखवलं. दाह सुरू करणारे जनुक जागे करणं हे त्याचं एक मोठं काम. पण त्यासाठी त्याला पेशीकेंद्रकात जावं लागतं, आणि एरवी ते बाहेर पेशीद्रवात दावणीला बांधलेलं असतं. बांधून ठेवणारं दावं म्हणजे आय-कप्पा-बी हे दुसरं प्रथिन. टीएलआर-4 ला लायपोपॉलीसॅकराइड भेटलं की दोन ग्राही एकत्र येतात आणि पेशीच्या आतल्या बाजूला असलेल्या त्यांच्या शेपटांवर मायडी-88 नावाचं प्रथिन येऊन बसतं. त्याच्यामागून आयआरएके, ट्राफ-6 अशा प्रथिनांची साखळी हलते आणि शेवटी आयकेके नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं. ते आय-कप्पा-बीवर फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट लागलेल्या आय-कप्पा-बीवर युबिक्विटिनची खूण चढते, आणि पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, म्हणजे प्रोटिएझोम, त्याचे तुकडे करतं. दावं तुटलं. काही मिनिटांत एनएफ-कप्पा-बी केंद्रकात पोहोचतं आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-8, आयएल-6 या दाहाचे संदेश नेणाऱ्या प्रथिनांचे जनुक सुरू होतात.

खरी गंमत पुढे आहे. एनएफ-कप्पा-बी जे जनुक सुरू करतं, त्यांत आय-कप्पा-बीचाही जनुक असतो. म्हणजे मोकळं सुटल्याबरोबर ते स्वतःसाठी नवीन दावं वळायला घेतं. नवं आय-कप्पा-बी तयार होतं, केंद्रकात शिरतं आणि एनएफ-कप्पा-बीला बांधून बाहेर आणतं. बाहेर जिवाणूचा इशारा अजून चालू असेल तर आयकेके हे दावंही तोडतं आणि चक्र परत फिरतं. 2004 मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या जिवंत पेशींत हे प्रथिन चमकणाऱ्या रंगाने खूण करून पाहिलं, तेव्हा ते साधारण दर 100 मिनिटांनी केंद्रकात आत-बाहेर करताना दिसलं. सोबत ए-20 नावाचं आणखी एक प्रथिन बनतं, ते आयकेकेकडे येणारा संदेशच कापतं. दाह पेटवणारी व्यवस्था आणि तो विझवणारी व्यवस्था एकाच कळीवर चालतात.

कासेत याचा परिणाम असा. आयएल-8 हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना रक्तातून कासेत बोलावतं. निरोगी कासेच्या दुधात एका मिलिलिटरमध्ये पेशींची संख्या साधारण 1 लाखाच्या आत असते. ई. कोलाय शिरल्यावर ती एका दिवसाच्या आत कित्येक पटींनी वाढते. त्याच वेळी दाहाचे हे संदेश कासेपुरते राहिले नाहीत तर मेंदूतलं तापमानाचं केंद्र ताप चढवतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. उठू न शकणारी गाय जिवाणूंनी आणि तिच्या स्वतःच्या संदेशांनी मिळून पाडलेली असते.

नुकत्याच व्यालेल्या गाईंमध्ये हे जास्त घडतं, कारण त्या दिवसांत त्यांचे न्यूट्रोफिल उशिरा पोहोचतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय 20-25 मिनिटांत दुप्पट होतो. त्यामुळे काही तासांच्या उशिराने पुढे भेटणारं लायपोपॉलीसॅकराइड कैक पट झालेलं असतं. त्यात दुधात आलेले न्यूट्रोफिल स्निग्धांशाचे गोळे आणि केसीन हे दुधातलं प्रथिनच गिळत बसतात आणि त्यांची जिवाणू मारण्याची ताकद घटते.

स्टॅफिलोकोकसकडे लायपोपॉलीसॅकराइड नसतंच. त्याच्या आवरणातले रेणू टीएलआर-2 हा ग्राही ओळखतो. मग गाईचा हा ग्राही कमजोर असेल का? जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये हेच तपासलं. गाईचा टीएलआर-2 त्यांनी दुसऱ्या प्रकारच्या पेशींत बसवला तर स्टॅफिलोकोकस भेटल्यावर तो व्यवस्थित संदेश देत होता. पण कासेतून काढलेल्या पेशींसमोर तोच जिवाणू ठेवला तर एनएफ-कप्पा-बी जागचं हललं नाही, आणि कासेतही टीएनएफ-अल्फा आणि आयएल-8 झटपट वाढले नाहीत. ग्राही धड आहे, जिवाणू समोर आहे, तरी दावं तुटत नाही. या शांततेचा फायदा घेऊन स्टॅफिलोकोकस कासेच्या पेशींच्या आत शिरतो, गाठी करून बसतो. प्रयोगशाळेतल्या बशीत ज्या औषधाने तो मरतो, तेच औषध कासेत निकामी ठरतं त्याचं एक मोठं कारण हे.

दुधात रक्त दिसलं की ‘दृष्ट लागली’ म्हणून गोठ्यावर लिंबू-मिरची टांगणारे आणि पाकिटातल्या भुकटीने प्रतिकारशक्ती वाढेल म्हणणारे, दोघांच्याही नादात जातो तो उपचाराचा वेळ. व्यालेल्या गाईला ई. कोलायने गाठलं असेल तर ते तास परत मिळत नाहीत. आणि त्या गाईचा दाह आणखी ‘वाढवून’ काय साधणार? उलट, एका प्रयोगात कासेच्या एका भागात आधी थोडं शुद्ध लायपोपॉलीसॅकराइड सोडलं आणि काही दिवसांनी जिवंत ई. कोलाय. कास बरीच वाचली. पेशींवरच्या अभ्यासात दिसलं की अशी पूर्वतयारी झाल्यावर दाहाचे संदेश कमी निघतात, जिवाणूनाशक प्रथिनं मात्र जास्त बनतात.

गोठ्यात करता येण्यासारखं बरंच आहे. धार काढल्यावर सडाचं छिद्र अर्धा ते दोन तास नीट मिटत नाही, म्हणून लगेच वैरण टाकावी, म्हणजे गाय शेणात बसत नाही. सड आयोडिनच्या द्रावणात बुडवावेत. लपलेल्या स्टॅफिलोकोकससाठी कॅलिफोर्निया चाचणी आहे. चार वाट्यांच्या पॅडलमध्ये चारही सडांचं दूध वेगवेगळं घ्यायचं, द्रावण घालून हलवायचं. द्रावणातला साबणासारखा पदार्थ पेशी फोडतो, त्यांतला डीएनए बाहेर पडतो आणि दूध शेंबडासारखं चिकट होतं. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यानेही हे ढोबळपणे जमतं. जिच्या सडात असा चिकटपणा परत परत दिसेल, तिची धार सगळ्यांत शेवटी काढावी आणि दूध तपासणीला देऊन जिवाणू कोणता ते पशुवैद्यकाकडून समजून घ्यावं.

ई. कोलायवर जे-5 नावाची लस अमेरिकेत अनेक वर्षं वापरात आहे. ती संसर्ग फारसा थांबवत नाही, पण आजाराची तीव्रता कमी करते. स्टॅफिलोकोकसवर तितकी भरवशाची लस बनवणं अवघड जातंय, कारण दुधात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) कमी उतरतात आणि हा जिवाणू पेशीच्या आत बसलेला असतो, जिथे त्यांचा हात पोहोचत नाही.