व्हाइटस्नेक: व्हिडिओत दिसले ते, वाजवलं कुणी?

व्हाइटस्नेक या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८७च्या अल्बमबद्दल एक समज अजून घट्ट आहे: व्हिडिओत केस उडवत वाजवणारी मंडळीच अल्बमवरही वाजली. साफ चूक. बास गिटार नील मरेची, ड्रम्स एन्सली डनबारचे. गिटार जवळपास सगळी जॉन साइक्सची. बरीचशी नवी गाणीही त्यानं गायक डेव्हिड कव्हरडेलसोबत रचलेली. पुढे सायनसच्या संसर्गामुळे कव्हरडेलवर शस्त्रक्रिया झाली, गायन रखडलं, दोघांचं बिनसलं. अल्बम बाजारात येईपर्यंत वाजवणारे तिघेही बाहेर!

मग व्हिडिओसाठी नवे चेहरे आले: एड्रियन व्हॅन्डेनबर्ग, व्हिव्हियन कॅम्पबेल, रूडी सार्झो, टॉमी ऑल्ड्रिज. ‘स्टिल ऑफ द नाइट’मध्ये व्हॅन्डेनबर्ग गिटारवर चक्क व्हायोलिनचा गज फिरवतो. दिसतं झकास, पण कानावर पडते ती गिटार साइक्सची.

व्हॅन्डेनबर्ग अगदीच तोतया नव्हे, बरं का. ‘हिअर आय गो अगेन’ हे मूळ १९८२चं गाणं या अल्बमसाठी नव्यानं ध्वनिमुद्रित झालं, त्यातला गिटारचा सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवलेला तुकडा, त्याचाच. रेडिओसाठी मात्र हेच गाणं पुन्हा वेगळं केलं, तिथे गिटारवर डॅन हफ. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि श्रेय गेलं टीव्हीवर दिसणाऱ्यांना.